एप्रिलच्या उन्हात केबिनचा रंग रवाळ झाला आणि दारांना तडे गेले : ट्रकच्या किटसाठी सल्ला हवा

यंत्रमागाशेजारी (प्रश्न)

नमस्कार. मी सोलापूरच्या पूर्व भागात राहतो आणि गेल्या दोन वर्षांपासून प्लॅस्टिकच्या गाड्यांची किट जोडतो. आतापर्यंत १/२४ प्रमाणातल्या तीन मोटारी पूर्ण झाल्या असून त्या तिन्ही मी ब्रशने रंगवल्या. लांबून त्या बऱ्या दिसतात, जवळून पाहणाऱ्याला ब्रशचे फराटे मोजता येतात. यंदा पहिल्यांदाच ट्रक घेतला आहे. किट इटालेरीचे आहे, ट्रेलर ओढणाऱ्या युरोपीय ट्रकचे. केबिन केशरी करायची आहे, कारण माझे वडील हैदराबाद रस्त्यावर जो ट्रक चालवत, त्याची केबिन केशरी होती. तो ट्रक टाटाचा होता आणि या किटशी त्याचे काहीही साम्य नाही, हे मला ठाऊक आहे. निदान रंग तरी तोच असावा एवढीच इच्छा आहे.

एवढ्या मोठ्या केबिनला ब्रश लावायचा नाही असे ठरवून मी हार्डवेअरच्या दुकानातून केशरी स्प्रेचा डबा आणला. रविवारी दुपारी चारच्या सुमारास गच्चीवर, टाकीच्या सावलीत, केबिन साबणाने धुऊन आणि पुसून घेतली व थेट रंग मारला. प्रायमर दिला नाही, हे आधीच कबूल करतो. रंगाचे ओघळ येतील या भीतीने डबा हातभर लांब धरला होता. छपरावर आणि समोरच्या भागावर रंग असा बसला आहे की बोट फिरवले तर बारीक रव्यावरून फिरवल्यासारखे वाटते, आणि चकाकी तर औषधालाही नाही. दारांच्या खाचांत आणि खिडक्यांच्या कडांना रंग नीट पोहोचला नाही म्हणून तिथे मी डबा जवळ नेऊन दोन-तीनदा पुन्हा मारला, तर तिथे रंग चकचकीत बसला, पण दुसऱ्या दिवशी त्याखाली कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तडे दिसू लागले.

भरीस भर म्हणजे आमच्या शेजारी यंत्रमागाचा कारखाना आहे. दिवसभर कापसाचे तंतू उडत असतात आणि त्यातले पाच-सहा तंतू छपराच्या मधोमध रंगात कायमचे बसले आहेत.

माझे प्रश्न असे आहेत. हा रंग घासून वरून पुन्हा मारावा की पूर्ण काढून टाकावा? दोष डब्याचा आहे, माझ्या हाताचा की हवेचा? आणि यासाठी एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारे पेनासारखे साधन) व त्याला हवा पुरवणारा कंप्रेसर घेण्यावाचून गत्यंतर नाही का? तसे असेल तर ट्रक काही महिने खोक्यात ठेवावा लागेल.

---

सावकाश

आपल्या वर्णनातच निदान आहे, कारण एकाच डब्याने एकाच दुपारी दोन परस्परविरुद्ध दोष निर्माण केले आहेत. छपरावर रंग फार कोरडा पोहोचला आणि दारांवर फार ओला.

डब्यातून निघालेला रंगाचा प्रत्येक थेंब हवेतून जाताना आपला द्रावक गमावत असतो. पृष्ठभागावर पोहोचताना त्यात पुरेसा द्रावक उरला असेल तर शेजारचे थेंब एकमेकांत मिसळून सपाट, चकचकीत थर तयार होतो. आपल्याकडच्या एप्रिलमध्ये पारा चाळिशीच्या आसपास असतो, हवा कोरडी ठणठणीत असते आणि गच्चीवर थोडाफार वाराही असतोच. अशा वेळी हातभर अंतर पार करेपर्यंत थेंब वाटेतच निम्माअधिक सुकतो आणि रव्याच्या कणासारखा येऊन चिकटतो. ओघळ टाळण्यासाठी डबा लांब धरणे ही स्वाभाविक प्रवृत्ती आहे, आणि थंड प्रदेशातल्या लोकांच्या व्हिडिओंमध्ये ती खपूनही जाते, परंतु सोलापूरच्या उन्हाळ्यात नेमकी तीच नडते.

दारांची गोष्ट निराळी आहे. हार्डवेअरच्या दुकानातला स्प्रे लोखंड आणि लाकूड डोळ्यांपुढे ठेवून बनवलेला असतो, त्यामुळे त्यात टोल्युइन, ॲसिटोन यांसारखे कडक द्रावक असले तरी कुणाचे बिघडत नाही. आपले किट मात्र पॉलिस्टायरीनचे असते आणि या द्रावकांत पॉलिस्टायरीन विरघळते. हिरव्या झाकणाच्या बाटलीतले तामिया कंपनीचे पातळ सिमेंट, म्हणजे किट जोडायचा गोंद, दोन भागांची कड किंचित विरघळवून त्यांना एकजीव करते ते याच गुणामुळे. आपण तेच काम नकळत अख्ख्या दारावर केले. साच्यातून निघालेल्या भागांत कोपऱ्यांपाशी आणि खिडक्यांच्या कडांना ताण अडकून राहिलेला असतो, म्हणून तडे आधी तिथेच उघडतात. छपराला तडे गेले नाहीत, कारण तिथे द्रावक पोहोचलाच नाही. म्हणजे एका चुकीने दुसरीपासून वाचवले, असे म्हणायला हरकत नाही.

आता उपाय. वरून रंग मारू नये. खालचा रवा वर आल्याशिवाय राहणार नाही आणि थर मात्र जाड होईल. रंग पूर्ण काढावा. यासाठी गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात मिळणारे साधे ब्रेक ऑइल चालते. झाकणाच्या प्लॅस्टिकच्या डब्यात केबिन बुडेल एवढे घ्यावे, रात्रभर ठेवावे, मधूनमधून पाहावे आणि सकाळी जुन्या दातांच्या ब्रशने घासून भांड्यांच्या साबणाने दोनदा धुवावे. काचेचे पारदर्शक भाग त्यात चुकूनही टाकू नयेत. हातमोजे घालावेत, आणि वापरलेले ऑइल मोरीत न ओतता विल्हेवाटीसाठी गॅरेजवाल्याकडे द्यावे. रंग निघाला तरी तडे निघणार नाहीत, याची मनाची तयारी ठेवा, कारण ते रंगाला नसून प्लॅस्टिकला गेलेले आहेत. तिथे मिस्टर सर्फेसर ५०० (बारीक तडे बुजवणारा दाट प्रायमर) ब्रशने दोन हात द्यावा, एक दिवस सुकू द्यावा आणि ६०० नंबरचा वॉटर पेपर पाण्यात बुडवून सपाट करावा, मग १००० नंबरचा फिरवावा. दारांच्या फटी या घासण्यात बुजतील, म्हणून प्रायमरच्या आधी कटरच्या पात्याच्या मागच्या बाजूने त्या हलक्या हाताने कोरून घ्याव्यात. खऱ्या गाडीवरच्या रंगाचे सर्व थर मिळून साधारण १०० मायक्रॉन भरतात. १/२४ प्रमाणात त्याचे जेमतेम ४ मायक्रॉन होतात, आणि इतका पातळ थर आपल्यापैकी कुणालाच देता येत नाही. आपला रंग प्रमाणापेक्षा नेहमीच जाड असतो, म्हणून फटी आधीच खोल ठेवाव्या लागतात.

रंग निवडताना तामियाच्या डब्यांवरची अक्षरे नीट वाचा. टीएस मालिका पॉलिस्टायरीनसाठी आहे. पीएस मालिका रिमोटच्या गाड्यांच्या पॉली-कार्बोनेटच्या पारदर्शक बॉडीसाठी आहे आणि ती आपल्या किटवर मारली तर दारांची आजची अवस्था परवडली असे वाटेल. शिवाय केशरी रंगाची झाकण्याची ताकद कमी असते. करड्या प्रायमरवर तो मातकट दिसतो, म्हणून खाली पांढरा किंवा गुलाबी प्रायमर घ्यावा. किटचे प्लॅस्टिक लाल असेल तर त्याचा रंग पांढऱ्यातून झिरपून वर येतो. तसे असल्यास आधी रुपेरी रंगाचा एक हात द्यावा, त्यातून तो झिरपत नाही.

मारण्याची पद्धत सांगतो. डबा १५ ते १८ सेंटीमीटरवर धरा. फवारा केबिनच्या अलीकडे सुरू करून पलीकडे गेल्यावरच बोट उचला, आणि हात न थांबवता एका सरळ रेषेत फिरवा. पहिला हात नुसता धुक्यासारखा, खालचा प्रायमर दिसत राहील असा द्यावा. दहा-पंधरा मिनिटांनी दुसरा, आणि तेवढ्याच अंतराने तिसरा ओला हात द्यावा. ओला म्हणजे किती, हे ओळखायला एकच खूण आहे : दिव्याच्या उजेडात पृष्ठभाग तिरका धरून पाहावा, फवारा पुढे सरकताच मागे पाण्यासारखी चमक उमटली पाहिजे आणि ती चार-पाच सेकंद टिकली पाहिजे. ती उमटत नसेल तर आपण लांब आहात किंवा हात घाईने फिरतो आहे. केबिनवर हात टाकण्याआधी लग्नकार्यात मिळणाऱ्या प्लॅस्टिकच्या चमच्यांवर सराव करावा; चमच्याचा बाक मोटारीच्या बॉनेटसारखाच असतो, आणि ओघळ आला तर चमचा फेकून देता येतो.

वेळ मात्र दुपारची नको. रात्री नऊनंतर, पंखा बंद करून, खिडकी उघडी ठेवून मारा. डबाही उन्हात किंवा पत्र्याखाली ठेवू नका. गरम डब्यातला दाब वाढलेला असतो. फवारा जोरात आणि अधिक बारीक निघतो, म्हणजे आणखी लवकर सुकतो, आणि फार तापला तर डबा फुटण्याचा धोका असतो. मी माझे डबे माठाशेजारी ठेवतो, यावरून घरात पुष्कळ बोलणी खाल्ली आहेत.

आणि रंगवलेले भाग गच्चीवर वाळत घालू नका, हे अनुभवाने सांगतो. एका मे महिन्यात मी ट्रकची चासी काळी करून आईने वाळत घातलेल्या कुरडयांशेजारी ताटात ठेवली होती. पॉलिस्टायरीन १०० अंशांच्या आसपास नरम पडते असे वाचले होते, त्यामुळे मी निर्धास्त होतो. परंतु लांब, पातळ आणि ताणात असलेला भाग त्याच्या बराच आधी वाकतो. संध्याकाळी कुरडया उत्तम वाळल्या होत्या आणि चासी धनुष्यासारखी झाली होती. त्या ट्रकचे चौथे चाक आजही जमिनीला टेकत नाही.

एका ट्रकसाठी एअरब्रश आवश्यक नाही. त्याचा आपल्याकडचा खरा फायदा असा की थिनर आपल्याला निवडता येतो. मिस्टर कलरच्या लेव्हलिंग थिनरमध्ये रंग सुकण्याची गती कमी करणारा घटक असतो, ०.३ मिलिमीटरचे नोझल, १५ ते २० पीएसआय दाब आणि एक भाग रंगाला दोन भाग हे थिनर घेतले तर एप्रिलमध्येही रंगाला पसरायला वेळ मिळतो. डब्यात ही सोय नाही, जे आत भरले आहे तेच बाहेर येणार.

---

होटगी रोड गॅरेज

मी मॉडेल करत नाही, खऱ्या गाड्या रंगवतो. माझा मुलगा किट जोडतो म्हणून हा धागा वाचला. वरचे उत्तर बहुतांशी बरोबर आहे, परंतु वेळेबाबत माझे मत वेगळे आहे. सोलापुरात मे महिन्यात रात्री नऊला भिंती आणि स्लॅब दिवसभराची उष्णता बाहेर टाकत असतात. खोलीत बसून पाहा, बाहेरच्यापेक्षा आत जास्त उकडते. त्या वेळी मारलेला हात दुपारच्यापेक्षा बरा, एवढेच. पहाटे पाच ते साडेसहा ही खरी वेळ आहे. हवा थंड असते, वारा पडलेला असतो, रस्त्यावर धूळ उडत नाही, आणि प्रश्नकर्त्याच्या बाबतीत मुख्य म्हणजे शेजारचा माग त्या वेळी बंद असेल तर तंतूही खाली बसलेले असतात. रंग मारण्याआधी अर्धा तास फरशीवर पाणी शिंपडून घ्यावे. आमच्याकडे बूथ, म्हणजे रंगकामाची बंदिस्त खोली, येण्याआधी आम्ही गाडीखालची जमीन भिजवूनच दार लावून घेत असू.

पावसाळ्यात याच्या उलट होते. हवेत दमटपणा असताना लॅकर (टीएससारखा, द्रावक उडून सुकणारा रंग) मारला की द्रावक उडताना पृष्ठभाग गार पडतो, त्यावर हवेतले पाणी बसते आणि रंग पांढरट, धुरकट दिसू लागतो. जुलै-ऑगस्टमध्ये पावसाची झड लागली असेल त्या दिवशी चकचकीत हात देऊच नये. जानेवारीत गड्ड्याची यात्रा भरते त्या सुमाराची हवा आमच्या धंद्याला सगळ्यांत चांगली असते, फक्त पहाटेचे दव उतरू द्यावे लागते.

वडिलांच्या ट्रकचा नेमका केशरी हवा असेल तर रंग मिसळून देणाऱ्या ऑटोमोबाइल पेंटच्या दुकानातून ती छटा जुळवून घेता येईल. जुन्या ट्रकचा पत्रा, डिझेलच्या टाकीचा पट्टा, काहीही तुकडा नेला तर उत्तम. मात्र तो रंग स्प्रेच्या डब्यात येत नाही, त्याला गन किंवा एअरब्रश लागेल, आणि आमचा एनसी (नायट्रोसेल्युलोज रंगाचा) थिनर उघड्या प्लॅस्टिकवर तसाच मारला तर दारांसारखे तडे पुन्हा जातील. चांगल्या प्रायमरचे दोन हात असतील आणि वरून पातळ, कोरडसर हात देत गेलात तरच ते निभते.

एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. काही लोक शोरूमसारखी चमक येते म्हणून मॉडेलवर टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, मारतात. चमक येते, यात वाद नाही. त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असते, ते श्वासातून गेल्यास दमा जडू शकतो, आणि एकदा शरीराने त्याचा धसका घेतला की पुढे थोड्याशा वासानेही त्रास होतो. तोंडाला रुमाल किंवा कापडी मास्क बांधून त्याला काहीही अडवले जात नाही. आम्ही बाहेरून हवा पुरवणारा मास्क लावून बूथमध्ये मारतो. घरात, जिथे लहान मुले झोपतात तिथे, हा प्रकार आणूच नये. मुलाच्या गाडीसाठीही मी तो वापरत नाही.

तंतूंबद्दल : पुसायला नवा टॉवेल घेतला असेल तर दोष एकट्या मागाचा नाही. आपल्या सोलापुरी टॉवेलची कीर्ती मोठी असली तरी पहिल्या चार धुण्यांपर्यंत तो लव सोडतो.

---

यंत्रमागाशेजारी

दोघांचेही मनःपूर्वक आभार. टॉवेल नवा होता. हे आपण कसे ओळखलेत याचे आश्चर्य वाटले.

केबिन रात्रभर ब्रेक ऑइलमध्ये ठेवली. छपरावरचा रंग सालीसारखा निघाला, दारांवरचा मात्र घासूनही खाचांत थोडा राहिला, म्हणून आणखी एक रात्र ठेवावी लागली. सांगितल्याप्रमाणे तडे तसेच आहेत. भिंगातून पाहिले तेव्हा उन्हाळ्यात भेगाळलेल्या शेतासारखे दिसले. सर्फेसरचे दोन हात देऊन घासल्यावर डावे दार आता गुळगुळीत आहे, उजव्या दाराला तिसरा हात द्यावा लागेल. घासताना एक अडचण आली. आमच्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, म्हणून बोअरचे पाणी वापरले, तर केबिन सुकल्यावर पांढरे डाग उमटले. शेवटचे धुणे पिण्याच्या गाळलेल्या पाण्याने केले, तेव्हा ते गेले.

चमच्यांवरचा सराव मात्र डोळे उघडणारा ठरला. मी दहा चमचे घेतले, प्रत्येकावर अंतर लिहिले आणि टीएस मालिकेतला केशरी पहाटे साडेपाचला मारला. ३० सेंटीमीटरचा चमचा रवाळ झाला, १० सेंटीमीटरच्या चमच्यावरून ओघळ आला, आणि १५ व २० यांच्या मधले तीन चमचे असे चमकले की पत्नीने ते कुठून आणले म्हणून विचारले. त्याच दिवशी दुपारी तीनला उरलेल्या चमच्यांवर तोच डबा, तीच अंतरे ठेवून पुन्हा मारले, तर १५ सेंटीमीटरचा चमचाही संत्र्याच्या सालीसारखा झाला. दोष डब्याचा, हाताचा की हवेचा, असे मी विचारले होते; तिघांनी आपापला वाटा उचललेला दिसतो.

आता पुढचा प्रश्न. केबिन इतकी चकचकीत झाली तर ती खेळण्यासारखी दिसेल. वडिलांचा ट्रक मी कधीही स्वच्छ पाहिलेला नाही. धूळ कशी दाखवावी? वाळलेली माती चाळून टाकली तर चालेल का?

---

मुरूम आणि डिझेल

खरी माती टाकू नये, असे मी म्हणेन. कारण साधे गणिताचे आहे. कितीही बारीक चाळली तरी त्यात दशांश मिलिमीटरचे कण राहतात, आणि १/२४ प्रमाणात असा एक कण जवळपास अडीच मिलिमीटरचा, म्हणजे खडीच्या चुऱ्याएवढा होतो. आपल्या छपरावर अडकलेल्या तंतूलाही हाच हिशेब लावून पाहा. इंचभर लांबीचा कापसाचा तंतू म्हणजे खऱ्या ट्रकच्या टपावर दोन फुटांची सुतळी. म्हणून तो इतका डोळ्यांत खुपतो.

चित्रकलेच्या दुकानात मिळणारे कोरडे पेस्टल खडू घ्यावेत, तेलाचे घेऊ नयेत. कटरने खरवडून त्यांची भुकटी करावी आणि मऊ ब्रशने लावावी. चकचकीत रंगावर भुकटी धरत नाही, म्हणून जिथे धूळ हवी तिथे आधी मॅट क्लिअरचा (चकाकी नसलेल्या पारदर्शक रंगाचा) हात द्यावा. बहुतेकांची चूक रंग निवडण्यात होते. परदेशी व्हिडिओ पाहून आपली मुलेही तांबूस-तपकिरी माती लावतात, आणि ट्रक ॲरिझोनाहून आल्यासारखा दिसतो. आपल्याकडची माती काळी, परंतु धूळ काळी नसते, हे नीट पाहिल्याशिवाय लक्षात येत नाही. काळी माती वाळली की राखाडी पडते; तिच्यात रस्त्याकडेच्या मुरमाची फिकट पिवळसर छटा मिसळते. मी एकदा मार्केट यार्डाच्या बाहेर उभ्या असलेल्या कांद्याच्या ट्रकच्या दारावरची धूळ ओल्या बोटाने कागदावर उमटवून आणली होती आणि त्यावरून खडू निवडले : दोन भाग फिकट राखाडी, एक भाग मातकट पिवळा आणि चिमूटभर तपकिरी. पावसाळ्यातला ट्रक करायचा असेल तर गोष्ट वेगळी. तेव्हा चाकांच्या मागे आणि मडगार्डच्या आत चिखल खरोखर काळा, ओला आणि जाड बसतो, आणि वर केबिनचे छप्पर धुऊन निघालेले असते.

धूळ सगळीकडे सारखी पसरवू नये. ड्रायव्हर दार उघडतो तिथे हँडलभोवती ती पुसली जाते, पायरीवर चपलेने घासून धातू उघडा पडतो, वायपर फिरतो तेवढा काचेचा पंखा स्वच्छ राहतो. टपावर ती पातळ असते, खालच्या तिसऱ्या हिश्शात दाट. खाचांसाठी गडद तपकिरी तैलरंग टर्पेंटाइनमध्ये चहासारखा पातळ करून ब्रशच्या टोकाने दारांच्या फटींत सोडावा. तो आपोआप रेषेत धावतो, आणि जास्तीचा रंग अर्ध्या तासाने टर्पेंटाइनच्या बोळ्याने वरून खाली पुसावा. खाली लॅकर पूर्ण सुकलेला असेल तर टर्पेंटाइन त्याला काही करत नाही. सुकला की नाही, हे नाकाने ठरवावे. केबिन नाकाजवळ धरली आणि रंगाचा वास येत असेल तर अजून थांबावे.

आणि वडील असतील तर त्यांना विचारा. आयुष्यभर ट्रक पुसणाऱ्या माणसाला घाण कुठे बसते हे आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

---

यंत्रमागाशेजारी

केबिन झाली. पहाटे सव्वापाचला फरशी भिजवून, जुना धुतलेला पंचा वापरून रंग मारला. तीन हात बसले, ओघळ नाही, रवा नाही, छपरावर एकच तंतू सापडला आणि तो २००० नंबरच्या वॉटर पेपरने निघाला. उजव्या दाराच्या कडेला एक तडा अजून तिरक्या उजेडात दिसतो. तो ठेवला आहे.

सुचवल्याप्रमाणे वडिलांना विचारले. त्यांनी ट्रक हातात घेऊन बराच वेळ फिरवला. स्टिअरिंग डावीकडे का, हे आधी विचारले. मग म्हणाले की धूळ ठीक आहे, पण टाकीवर काहीच नाही. डिझेल भरताना नळी काढली की थोडे सांडतेच, ते टाकीच्या झाकणाखालून खाली ओघळते, त्यावर धूळ चिकटून काळा पट्टा होतो, आणि तो पट्टा कितीही पुसला तरी जात नाही. हा पट्टा इतर धुळीसारखा मॅट नसून तेलकट चमकतो, असे त्यांनी दोनदा सांगितले. मॅट क्लिअर आणि पेस्टल आधीच लावून झाले आहे. आता त्यावर ही चमक कशी आणावी?

---

मुरूम आणि डिझेल

चकचकीत क्लिअरच्या एका थेंबात काळा आणि तपकिरी तैलरंग सुईच्या टोकाएवढा कालवा. एनॅमल क्लिअर घ्या, म्हणजे तैलरंग त्यात मिसळेल. बारीक ब्रशने झाकणापासून खाली एकच ओढ द्या, वर रुंद आणि खाली निमुळती. ती अर्धवट ओली असतानाच कडांना राखाडी भुकटीचा स्पर्श करा, मध्यभाग तसाच चमकता ठेवा. टाक्या दोन्ही बाजूंना असतील तर दोन्ही पट्टे सारखे करू नका. वडिलांना विचारा, ते कोणत्या बाजूने भरत असत.